शेंडीवाली, उलट्या पिसांची, उघड्या मानेची : वेगळ्या रूपाच्या कोंबड्या परसात कशा आणाव्यात आणि कशा टिकवाव्यात

मृगाचा पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आमच्या गावठी कोंबड्या जांभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या, सर ओसरल्यावर अंग झटकलं आणि उकिरड्याकडे निघाल्या. नवी आणलेली उलट्या पिसांची तलंग मात्र उभ्या जागी थरथरत होती. तिची पिसं पाठीवर पडून राहायच्या ऐवजी पुढे, डोक्याकडे वळलेली. त्यामुळे पाणी घरंगळून जात नव्हतं, थेट कातडीपर्यंत उतरत होतं. उचलली तेव्हा हातात ओलं फडकं धरल्यासारखं वाटलं. फडक्यात गुंडाळली, चुलीपाशी ठेवली, तिसऱ्या दिवशी गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "छत्री उलटी धरली तर भिजायचंच."

रोहा तालुक्यात राहून, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठिकाणी, मी फोटो बघून कोंबडी निवडली होती. त्यानंतर बऱ्याच आणल्या, काही गमावल्या, काहींची आता चौथी पिढी परसात आहे. या सगळ्यातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. कोंबडीचं वेगळं रूप म्हणजे बहुतेक वेळा तिच्याकडून काढून घेतलेली एखादी सोय असते. शेंडीवालीची नजर गेलेली असते, रेशमी पिसांचीची भरारी, उलट्या पिसांचीची छत्री. ती सोय तुम्ही पुरवू शकत असाल तरच तो पक्षी तुमचा. बाकी सगळी माहिती या हिशेबातच बसते.

आधी परस बघा, मग पक्षी

सुरुवात करणाऱ्याला मी डोळे झाकून उघड्या मानेची कोंबडी सुचवते. ती दिसायला सुंदर नाही, हे कबूल. पाहुणे "हिला काही रोग झालाय का?" असंच विचारतात. पण आपल्या हवेला हिच्याइतकं चपखल वेगळं रूप दुसरं नाही. मानेवर पिसं न येण्याचा हा गुण एकाच जनुकाचा खेळ आहे. त्याची एक प्रत असेल तर अंगावरची एकूण पिसंही सुमारे वीस टक्क्यांनी कमी येतात, दोन प्रती असतील तर ही घट चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. पिसं कमी म्हणजे अंगातली उष्णता सहज बाहेर पडते. शिवाय पिसं बनवायला लागणारं प्रथिन वाचतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हा फरक डोळ्यांना दिसतो. साध्या कोंबड्या चोच वासून धापा टाकत असतात, तेव्हा ही अजून दाणे टिपत असते. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने परसासाठी 'हितकारी' हा वाण तयार केला, तो याच उघड्या मानेच्या कोंबडीच्या संकरातून. उन्हात फिरली की मान लालबुंद होते, त्याला घाबरू नका. फक्त डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते तिथे रात्री खुराड्याला गोणपाट लावा.

दुसरी कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या भिल्ल-भिलाल्यांच्या मुलखातली. तिथे तिला कालीमासी म्हणतात. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं, कातडी, तुरा, जीभ, इतकंच काय हाडांवरचं आवरणही काळं. रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट बदामी. काळं अंडं दाखवणारा माणूस तुम्हाला रंग विकतो आहे, अंडं नव्हे. कडकनाथ चिवट आहे, चपळ आहे, आपल्या हवेत सहज रुळते. तिची सोय एकाच बाबतीत पाहावी लागते. ती खुडूक फारशी होत नाही, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसत नाही, त्यामुळे तिची अंडी रवणीला घालायला दुसरी कोंबडी लागते. आणि अंड्यांची फार अपेक्षा ठेवू नका. वर्षाला साधारण ऐंशी ते शंभर मिळाली तरी पुष्कळ.

सिल्की, म्हणजे रेशमी पिसांची. साध्या पिसाचे बारीक धागे एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात, म्हणून पीस सपाट आणि सलग राहतं. हिच्या पिसांना ते आकडेच नाहीत, म्हणून सगळं अंग कापसासारखं. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी चीनमध्ये मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांचा उल्लेख केला, तो बहुधा हिचाच. पायाला चारऐवजी पाच बोटं आणि कातडी कडकनाथसारखी काळी. आकडे नसल्याने ती उडू शकत नाही आणि पावसात स्पंजसारखी भिजते. पण आई म्हणून तिच्या तोडीची कोंबडी मी पाहिलेली नाही. बदकाची, टर्कीची, कुणाचीही अंडी घाला, ती बसते. कडकनाथ आणि सिल्की एकत्र पाळण्यात म्हणूनच शहाणपण आहे. एकीला आईपण नको, दुसरीला दुसरं काही नको.

उलट्या पिसांची मी आता ठेवते, पण छपराखाली, आणि जून ते सप्टेंबर परसात सोडत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीडसारख्या कोरड्या भागात मात्र ती अगदी योग्य आहे, कारण पिसं अंगाला चिकटून नसल्याने उष्णता कोंडत नाही. इज्जतनगरच्या संस्थेचा 'उपकारी' हा वाण याच गुणावर उभा आहे. कोकणात तिचा एक वेगळाच त्रास होतो. दर अमावास्येच्या आदल्या दिवशी कुणीतरी फाटकाशी येऊन हळू आवाजात विचारतं, "वहिनी, तो उलट्या पिसांचा कोंबडा देता का? काळा असेल तर बरं." उताऱ्यासाठी हवा असतो. सांगेल ती किंमत द्यायची तयारी असते. मी देत नाही.

शेंडीवाली, म्हणजे पोलिश आणि तिच्या जातकुळीच्या कोंबड्या. या फोटोत सगळ्यात देखण्या आणि मोकळ्या परसात सगळ्यात आधी मरणाऱ्या. डोक्यावरच्या पिसांच्या झुबक्यामुळे त्यांना वरून आणि बाजूने काही दिसत नाही. घार आली की गावठी कोंबडी एका हाकेसरशी झुडपात शिरते. शेंडीवाली जागच्या जागी गोंधळून फिरत राहते. शेंडीखाली कवटीला उंचवटा असतो आणि पिलांमध्ये तिथलं हाड पुरतं भरलेलं नसतं. तिथे बसलेली एक जोरदार चोच पिलाचा जीव घेऊ शकते. जाळीचं बंद आवार असेल तरच हिचा विचार करा.

ब्रह्मा हे नाव आपल्याकडचं वाटतं. ते ब्रह्मपुत्रेवरून आलं आहे खरं, पण हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत घडवला गेला, शांघायहून गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून, चितगावकडच्या पक्ष्यांचं रक्त मिसळून. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, कोंबडा चार-पाच किलोंचा, स्वभाव गाईसारखा. नागपूरच्या उन्हात त्याचे हाल होतात, कोकणच्या चिखलात पायाच्या पिसांना मातीचे गोळे लागतात. पुणे-नाशिकच्या बाजूला, सिमेंटचा किंवा वाळूचा कोरडा तळ असेल तर जमेल.

बुटक्या पायांच्या कोंबड्यांबद्दल पुढे, पैदाशीत बोलते. असील उंच, ताठ, राजबिंडा आहे, पण दोन कोंबडे एका परसात राहत नाहीत. आणि कोंबडझुंज १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे 'झुंजीचा वंश' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका.

शोध कुठे घ्यायचा

माझा पहिला सल्ला आठवडे बाजाराचा. उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची कोंबडी गावठी कळपांत अधूनमधून आपोआप निघते आणि मालकाला तिचं काही अप्रूप नसतं. सकाळी लवकर जा, डालग्यांपाशी बसा. विकायला आलेल्या बाईला विचारा, "अशी अजून आहे का घरी?" तीन वेळा मला पक्षी बाजारात न मिळता पाड्यावरच्या अंगणात मिळाला आहे. अंगणात जाण्याचा दुसरा फायदा म्हणजे आईबाप दिसतात, खुराडं दिसतं आणि गेल्या पावसाळ्यात किती मेल्या हे बोलण्याच्या ओघात कळतं.

नंदुरबार-नवापूर आणि पलीकडे गुजरातच्या पट्ट्यात 'बुसरा' ही आपली नोंदणीकृत देशी जात आहे. ती चमत्कारिक दिसत नाही, पण रंगांची विविधता एवढी की एका अंगणातल्या दोन कोंबड्या सारख्या सापडत नाहीत. वेगळेपणाची हौस आणि चिवटपणा दोन्ही हवे असतील तर परदेशी नावांच्या आधी हिच्याकडे बघा.

कडकनाथसाठी झाबुआचं कृषी विज्ञान केंद्र हे मूळ ठिकाण. महाराष्ट्रातही काही कृषी विज्ञान केंद्रं पिलं देतात. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे तुमची हौशी जात मिळेल असं नाही, पण लसीकरण झालेली, परसासाठीची सुधारित पिलं मिळतात आणि तिथली माणसं नेमका पत्ता सांगतात. सिल्की, पोलिश, ब्रह्मा हे मात्र जवळपास सगळे हौशी पाळणाऱ्यांकडूनच घ्यावे लागतात.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. जत्रेत गुलाबी, हिरवी, निळी पिलं विकतात, ती कुठल्याही जातीची नसतात. अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीतून नको म्हणून काढलेले नर रंगात बुडवलेले असतात. पंधरा दिवसांत खालून पांढरी पिसं येतात. कडकनाथमध्ये बनावट जास्त. साधी काळी गावठी कोंबडी कडकनाथ म्हणून खपवली जाते. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा आणि कातडी बघा, तळपाय बघा. नुसती पिसं काळी आणि तुरा लाल असेल तर ठेवून द्या. तुरा गडद जांभळट चालतो, लाल नाही.

आणि पिलं घ्या, खाद्य घ्या, मोठे झालेले पक्षी आणि अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून बाहेर आलेल्या कडकनाथ गैरव्यवहारात राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे नेमके याच वचनात बुडाले. कोंबडीचा त्यात काही दोष नव्हता, पण अजूनही गावात 'कडकनाथ' म्हटलं की लोक हसतात.

मोठा पक्षी घेताना मी पाच गोष्टी बघते. नाक कोरडं हवं. श्वासात घरघर नको, त्यासाठी पक्षी कानाशी धरा. डोळ्यांत फेस नको. शेपटीखालची पिसं शिटेने लडबडलेली नकोत. पायाची खवलं सपाट हवीत, उचललेली नकोत. घरघर असेल तर कितीही दुर्मीळ असो, घेऊ नका. श्वसनाचा जुनाट आजार वरवर बरा होतो, पण पक्षी तो आयुष्यभर वाटत फिरतो. हे मी एका सुंदर शेंडीवाल्या जोडीपायी शिकले. विकणाऱ्याने "प्रवासाचा शीण आहे" म्हणून सांगितलं, मी मान डोलावली आणि पुढच्या दोन महिन्यांत माझ्याच सात कोंबड्या शिंकायला लागल्या.

एका दिवसाची पिलं लांबून मागवायची असतील तर अंड्यातला बलक त्यांच्या पोटात साधारण दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून ती प्रवास सोसतात. तरी मे महिन्यात मागवू नका. घरी पोचल्यावर आधी गुळाचं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून. दाणा तासा-दोन तासांनी.

पहिले तीस दिवस वेगळे

नवा पक्षी थेट कळपात सोडायचा नाही. तीस दिवस, जुन्या खुराड्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, म्हणजे तुमच्या चपला आणि हात रोग उलट दिशेने नेणार नाहीत. मी नव्यांसाठी निळ्या स्लीपर वेगळ्या ठेवल्या आहेत. घरातले हसतात.

पहिल्या आठवड्यात जंताचं औषध. सगळा पक्षी उलटा करून शेपटीखाली आणि पंखाखाली उवा, शेंडी असेल तर तिच्या बुडाशीही. पाय खरखरीत वाटले तर खोबरेल किंवा करंजाचं तेल ब्रशने खवल्यांत घासून लावा, दर तीन-चार दिवसांनी, तीन आठवडे. खवल्यांखाली शिरलेले किडे तेलाने गुदमरतात. पायाला पिसं असलेल्या ब्रह्मा-सिल्कीला हे दुखणं हमखास होतं आणि पिसांमुळे उशिरा दिसतं.

तीस दिवसांच्या शेवटी एक युक्ती करते. माझ्या कळपातली एक साधी, फारशी लाडकी नसलेली कोंबडी नव्यांबरोबर आठ-दहा दिवस ठेवते. ती ठणठणीत राहिली तर दार उघडायचं. निर्दयी वाटेल, पण एकीवर भागतं.

खुराडं कुठे बदलावं लागतं

साध्या खुराड्याचं गणित बहुतेकांना माहीत असतं. एका पक्ष्याला आत तीन-चार चौरस फूट, बाहेर जाळीच्या आवारात आठ-दहा, चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायची एक पेटी, आठ कोंबड्यांमागे एक कोंबडा. वेगळ्या रूपाच्या पक्ष्यांसाठी बदल थोडेच आहेत, पण ते टाळता येत नाहीत.

बसायचा दांडा खाली आणा. सिल्की उडत नाही, ब्रह्मा उडाला तर उतरताना पाय दुखावून घेतो. जमिनीपासून एक फूट पुरे. सिल्की बहुतेक वेळा तिथेही चढत नाही, कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर ढीग करून झोपते, म्हणून तिथली गादी कोरडी हवी. भाताचं तूस चार इंच घाला आणि पावसाळ्यात दर आठवड्याला खालीवर करा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर बदला. ओल्या गादीत रक्ती हगवण येते आणि ती तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना झोडपते. पंख पाडून बसलेली, पिसं फुगवलेली पिलं आणि शिटेत रक्त दिसलं की डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी पाण्यातून अँप्रोलियम सुरू करा.

पाण्याचं भांडं उथळ आणि उघडं नको. शेंडीवालीची शेंडी भिजते, त्यात दाण्याचा भुगा चिकटतो, मग डोळे येतात. निपल लावलेली बादली किंवा अरुंद तोंडाचं भांडं वापरा. डोळ्यांवर येणारी पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापा. हे रात्री करा, कंदिलाच्या उजेडात पक्षी शांत असतो. पिसांचं बूड निळसर आणि मऊ असेल तर ते अजून वाढतं पीस आहे, त्यात रक्त असतं, त्याला हात लावू नका.

छप्पर हा सगळ्यात मोठा खर्च. सिल्की आणि उलट्या पिसांच्या कोंबड्यांसाठी आवाराचा निदान अर्धा भाग पत्र्याखाली हवा आणि पत्रा तीन फूट पुढे आलेला हवा, कारण कोकणातला पाऊस आडवा येतो. जाळी अर्ध्या इंचाची, जमिनीत फूटभर पुरलेली. मुंगूस खालून येतं, उदमांजर वरून, आणि धामण अंड्यांसाठी कुठूनही.

खाद्य वेगळं लागत नाही. तांदळाची कणी, ज्वारी आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं यांवर गावठी कोंबडी जगते. पण पिसांचा थाट असलेल्या पक्ष्यांना पिसं झडून नवी येण्याच्या काळात प्रथिन कमी पडू देऊ नका. शेंगदाण्याची पेंड, सुकट किंवा तयार लेअर खाद्य मिसळा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, ज्यांना हवा त्या खातात. पिलांना वाळवी मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही.

लस, कारण सुंदर पक्षीही मानमोडीनेच मरतो

हा भाग हौशी लोक सोडून देतात. गावठी कोंबडी चिवट असते हे खरं, पण मानमोडीपुढे कुणी चिवट नसतं. माझा क्रम असा:

- पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
- चौदाव्या दिवशी गंबोरोची
- अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा
- सहाव्या आठवड्यात देवीची
- आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, टोचून, आणि त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध

मरेक्सची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात. आर-टू-बी लहान किंवा अशक्त पक्ष्याला टोचू नका. सिल्कीची पिलं हळू वाढतात, तेव्हा वयाबरोबर वजनही बघा. अडचण एकच. लस शंभर-दोनशे मात्रांच्या कुपीत येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. तुमच्याकडे पक्षी पंधरा. आम्ही वाडीतल्या नऊ घरांनी मिळून तारीख ठरवली आहे. थर्मासमध्ये बर्फ घालून मी लस आणते आणि सकाळी सातला घरोघर जाते. शेजारच्यांच्या कोंबड्या सुरक्षित तर माझ्याही.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर सोलून खाऊ नका, पुरूही नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडला. तेव्हा मोठ्या फार्मबरोबर आसपासच्या परसांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. जिथे बुसरा नांदते तोच हा मुलूख.

कळपात सोडताना

कोंबड्या वेगळं दिसणाऱ्याला सोडत नाहीत. शेंडी ही तर त्यांना चोच मारण्यासाठीच ठेवल्यासारखी वाटते. म्हणून एकटा पक्षी कधीही आणू नका, दोन-तीन एकत्र आणा. आठवडाभर मधे जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्या, मग संध्याकाळी दाणे पसरून दार उघडा. दाण्याची आणि पाण्याची दोन-दोन ठिकाणं करा. एखाद्या पक्ष्याचं रक्त निघालं तर लगेच बाहेर काढा, जखमेवर हळद लावा आणि ती पूर्ण भरल्याशिवाय परत सोडू नका. लाल ठिपका दिसला की सगळा कळप तिथेच टोचत बसतो. सगळ्यात भांडखोर कोंबडीच त्रास देत असेल तर नवीला नव्हे, तिलाच चार दिवस डालग्याखाली ठेवा. परत येते तेव्हा तिचा मान उतरलेला असतो.

वाण टिकवणं

मला खरा रस इथे आहे. अनेकांकडे वेगळा पक्षी येतो, दोन वर्षं मिरवतो आणि त्याच्या पिलांत ते रूप दिसेनासं होतं. मग "बी चांगलं नव्हतं" म्हणतात. बी चांगलंच असतं, जोडी चुकलेली असते.

उलट्या पिसांचा गुण एका प्रतीत सुंदर दिसतो. दोन्ही आईबाप उलट्या पिसांचे असतील तर पावभर पिलांत त्याच्या दोन प्रती येतात. त्यांची पिसं ठिसूळ होतात, तुटून पडतात आणि पक्षी जवळजवळ उघडा राहतो. म्हणून जोडी नेहमी एक उलट्या पिसांचा आणि एक साधा. निम्मी पिलं उलट्या पिसांची निघतात, तेवढी पुरेत. साध्या पिसांच्या भावंडांत हा गुण सहसा लपून राहत नाही, त्यांना अंड्यांसाठी ठेवा किंवा विका, पण 'यातून पुढे निघतील' म्हणून विकू नका.

उघड्या मानेचं गणितही असंच, फक्त इथे दोन प्रती असल्या तरी पक्षी ठणठणीत राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका असेल तर एक प्रत, मान पूर्ण मोकळी असेल तर दोन. पूर्ण मोकळ्या मानेचा एक कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला तर प्रत्येक पिलू उघड्या मानेचं निघतं. अंड्यातून बाहेर येतानाच दिसतं, वाट बघावी लागत नाही.

रेशमी पिसांचं उलटं आहे. सिल्की आणि गावठी यांच्या पहिल्या पिलांत एकही रेशमी निघत नाही, पण पाचवं बोट आणि थोडी शेंडी दिसते. त्या पिलांना टाकू नका. त्यांची जोडी पुन्हा सिल्कीशी लावली की निम्मी रेशमी मिळतात.

काळ्या कातडीत मात्र एक गंमत आहे. काळेपणा आणणारा गुण वेगळा आणि तो दाबणारा गुण वेगळा. हा दाबणारा गुण लिंगाशी जोडलेला आहे, हे बेटसन आणि पनेट यांनी सिल्कीवर प्रयोग करून १९११ मध्ये मांडलं. परसातला अर्थ एवढाच, की कडकनाथ कोंबडा आणि फिकट, पिवळ्या पायांची कोंबडी अशी जोडी लावली तर माद्या काळ्या आणि नर फिके निघतात. जोडी उलटी लावली तर सगळीच फिकी. संकर करायचाच असेल तर कोंबडा कडकनाथ असू द्या. शुद्ध वाण ठेवायचा असेल तर संकर करूच नका.

बुटक्या पायांच्या कोंबड्यांत दोन बुटके जोडले तर पावभर पिलं अंड्यातच मरतात, कारण त्या गुणाच्या दोन प्रती जगू देत नाहीत. तिथेही एक बुटका आणि एक लांब पायांचा अशीच जोडी लावा.

जोडी बदलल्यावर लगेच अंडी साठवू नका. कोंबडीच्या अंगात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. तीन आठवडे थांबा, तोवरची अंडी खा. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, जाडं टोक वर करून थंड, सावलीच्या जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. गावठी कोंबडीखाली दहा-बारा, सिल्कीखाली तिच्या अंगाएवढीच, सहा-आठ. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर पिलू आहे. यंत्रात उबवत असाल तर ३७.५ अंश, दिवसातून तीन वेळा फिरवणं, अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद आणि ओलावा वाढवणं. एकविसाव्या दिवशी पिलं निघतात. आईशिवाय वाढवताना पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिलांकडे बघा. दिव्याखाली गोळा झाली तर गारठली आहेत, कडेला पळाली तर तापली आहेत.

लहान कळपात दोन-तीन पिढ्यांत रक्त जवळ येतं. अंडी कमी उबतात, पिलं वाकड्या बोटांची निघतात. दर दोन वर्षांनी कोंबडा दुसऱ्या घरातून आणा. वेगळ्या रूपाचा कोंबडा मिळाला नाही तरी चालतं, साधा तगडा गावठी कोंबडा आणा आणि तुमच्या उघड्या मानेच्या कोंबड्यांवर सोडा, रूप निम्म्या पिलांत तरी राहतंच. माझ्या कळपात दर वर्षीच्या पिलांच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिकचं कडं असतं, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर कुणाची अंडी कुणाखाली घातली ते लिहिलेलं असतं.

परवाच्या रविवारी सिल्कीखालून नऊपैकी आठ पिलं निघाली. पाच उघड्या मानेची, तीन साधी. नववं अंडं एकविसाव्या दिवशी टॉर्चवर धरलं तर आत नुसतंच पाणी. ते उकिरड्यात पुरलं, आणि दिनदर्शिकेवर पाचपुढे हिरवं कडं लिहिलं.